छत्री कुणाच्या छपरावर?

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला आणि कांदाटी खोऱ्यातल्या वाड्या पाण्यापलीकडं राहिल्या. तापोळ्याहून लाँचनं जायचं, नाहीतर डोंगराला लांबचा वळसा घालायचा. भोवती सह्याद्रीच्या कडा, मधे अभयारण्याचं जंगल, आणि घरं इतकी विखुरलेली की एका वाडीहून दुसरीला जायला पायी बराच वेळ जातो. घरोघरची कर्ती माणसं मुंबई-नवी मुंबईत. मोबाइलची रेंज काही वाड्यांत येते, काहींत टेकावर चढून शोधावी लागते. रेशनचा अंगठा, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, मुलांचे प्रवेश अर्ज, पीकविमा, सातबारा ही सगळी कामं आता इंटरनेटवर गेली आहेत. जिथून तालुक्याला जायला अख्खा दिवस मोडतो, तिथं इंटरनेटची गरज सर्वांत जास्त. नेमकं तिथंच ते सर्वांत शेवटी पोचतं. हे मला उघड अन्यायाचं वाटतं.

अशाच एका वाडीतल्या घरावर उपग्रहाचं इंटरनेट घ्यावं का, यावर काका-पुतणीत झालेला हा वाद. काकांची सगळी नोकरी दूरसंचार खात्यात गेली. निवृत्तीनंतर ते गावी येऊन राहिले. पुतणी नवी मुंबईत फील्ड इंजिनिअर आहे. एटीएम आणि पेट्रोल पंपांवर व्हीसॅटच्या, म्हणजे उपग्रहाशी जोडणाऱ्या, छत्र्या बसवणं हेच तिचं रोजचं काम. दोघांनाही तारा आणि लहरी कळतात, त्यामुळं वाद अज्ञानातून आलेला नाही.

पुतणी : काका, या उन्हाळ्यात घरावर छत्री बसवून टाकू. तुम्हाला डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येईल, काकूचं बँकेचं काम होईल, मलाही अधूनमधून इथून काम करता येईल. टॉवर येणार, फायबर येणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय.

काका : बसव की. पैसा तुझा आहे. पण एका घरावर छत्री दिसली की वाडीचा प्रश्न सुटला, असं साहेब लोक लिहून मोकळे होतात. ज्याची पोरगी नवी मुंबईत कमावते त्याच्या घरी इंटरनेट, आणि बाकीच्यांनी टेकावर जायचं, हे मला सोसणार नाही. मी सबंध नोकरीत गावाला लाईन दिली, घराला नंतर.

पुतणी : मग गावाची लाईन अजून का नाही आली? राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी मिळाली २०११ साली. पुढं त्याचं भारतनेट झालं, आपल्याकडं महानेट. अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या.

काका : पुष्कळ जोडल्याही. आपल्याकडं कुठं अडतं ते सांगतो. फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येतं, आणि वाड्या त्याच्यापासून दोन डोंगर पलीकडं. मधे अभयारण्य, व्याघ्र प्रकल्पाची हद्द. चर खणायचा तर वनखात्याची परवानगी हवी. खांबावरून केबल ओढली तर पहिल्याच पावसात फांद्या पडून तुटते. मोजक्या घरांसाठी कुठलीही कंपनी एवढं करणार नाही, म्हणून तर ते सरकारनं करायचं. २०२३ साली सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. रेंज नसलेल्या गावांत फोर-जी नेण्यासाठी त्याच्या आदल्या वर्षी २६,३१६ कोटी. टेलिफोन कंपन्यांच्या महसुलातले पाच टक्के याच कामासाठी वेगळे काढले जातात. तो पैसा या वाडीचाही आहे. तो हक्क मी एका छत्रीपायी सोडू?

पुतणी : हक्क सोडा असं मी म्हणतच नाही. पण भारतनेटनंही हजारो दुर्गम ग्रामपंचायती उपग्रहानंच जोडल्यात ना? चर खणणं जमत नाही तिथं सरकारलाही वरच बघावं लागतं.

काका : तारेशिवाय जोडणंही आम्ही करून पाहिलंय. नव्वदच्या दशकात गावोगाव सार्वजनिक टेलिफोन बसवले ते रेडिओवर. मल्टी ॲक्सेस रूरल रेडिओ म्हणायचे त्याला. छपरावर ॲन्टेना, सौर पॅनेल, खाली बॅटरी आणि फोन. दोन-तीन पावसाळ्यांत त्यातले कितीतरी मुके झाले. बॅटरी बसली की कुणी बदलायला यायचं नाही. शेवटी देशभरातले ते फोन काढून दुसऱ्या तंत्रावर न्यावे लागले. तेव्हापासून नवं यंत्र कुणी दाखवलं की मी आधी एकच विचारतो : बिघडलं तर येणार कोण?

पुतणी : आणि त्यातल्या अगदी आडवाटेच्या गावांत नंतर काय बसवलं? उपग्रह फोनच ना!

काका : बसवले. नाही म्हणत नाही. बरं, आता तुझं ते आकाश नीट सांग. जाहिरातीतलं नको, तू कामावर वापरतेस ते सांग.

पुतणी : दोन जातीचे उपग्रह आहेत, आणि घरासाठी निवड करायची तर हा फरक आधी कळायला हवा. टीव्हीची छत्री ज्यांच्याकडं तोंड करून असते ते विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. त्या उंचीवर उपग्रहाची एक प्रदक्षिणा आणि पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी एकाच वेळात पुरी होते. म्हणून आपल्याला तो जागचा हलत नाही असं दिसतं. छत्री एकदा रोखली की काम झालं. इस्रोचा जीसॅट-११ असाच, ५,८५४ किलोचा, डिसेंबर २०१८मध्ये वर गेला. त्याच्यावर आणि जीसॅट-२९वर चालणारी ब्रॉडबँड सेवा आपल्या देशात २०२२ पासून मिळते. जुने उपग्रह सगळ्या देशावर एकच मोठा झोत टाकायचे. हे नवे लहान लहान झोत टाकतात. २०२४च्या नोव्हेंबरात गेलेल्या जीसॅट-एन२चे असे ३२ झोत आहेत, आठ ईशान्येवर आणि चोवीस बाकीच्या देशावर. एकमेकांपासून लांबच्या झोतांत तीच लहर पुन्हा वापरता येते, म्हणून त्या एका उपग्रहाची क्षमता ४८ जीबीपीएसपर्यंत गेली.

काका : सगळ्या देशात मिळून ४८. फायबरच्या केसाएवढ्या एका धाग्यातून याच्या कितीतरी पट जातं.

पुतणी : जातं. तिथं मी तुमच्याशी भांडणारच नाही. दारात फायबर असेल त्या माणसानं उपग्रहाचा विचारसुद्धा करू नये. टॉवरची चांगली रेंज असेल तर एअरफायबर नाहीतर फोर-जीचा राउटर घ्यावा. उपग्रह तिसऱ्या नंबरावर, आणि तोही पहिले दोन्ही नसतील तरच. हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते.

काका : आणि उशीर? उपग्रहावरून परदेशातला कॉल यायचा तेव्हा आपण बोलून झालं की क्षणभर शांतता. दोन्हीकडची माणसं एकदमच बोलायला लागायची.

पुतणी : तो उशीर कुठल्याही कंपनीला पैसे देऊन कमी होत नाही. आपण एखादं पान मागवलं की मागणी वर जाते, तिथून गेटवेवर, म्हणजे कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्रावर, उतरते, उत्तर पुन्हा वर जातं आणि आपल्याकडं उतरतं. चार वेळा छत्तीस हजार म्हणजे एक लाख चाळीस हजार किलोमीटरच्या वर. प्रकाशाच्या वेगानं गेलं तरी जवळजवळ अर्धा सेकंद. बाकीचं धरून साधारण ६०० मिलिसेकंद. सातबारा काढायला, पैसे पाठवायला, व्हॉट्सॲपला, सिनेमा बघायलासुद्धा याची अडचण होत नाही. व्हिडिओवर बोलताना मात्र जाणवतो. माझ्या ऑफिसचं काम त्यावर कष्टानं होईल.

काका : म्हणून ते उपग्रह खाली आणले.

पुतणी : म्हणूनच. स्टारलिंक या परदेशी कंपनीचे साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. तिथून उशीर पंचवीस ते पन्नास मिलिसेकंदांवर येतो, म्हणजे जमिनीवरच्या लाईनीच्या जवळपास. पण खाली आलं की जागेवर थांबता येत नाही. तासाला सत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगानं तो पृथ्वीभोवती पंचाण्णव मिनिटांत फिरतो. आपल्या डोक्यावर असतो फक्त काही मिनिटं. एक मावळायच्या आत दुसऱ्यानं काम उचललं पाहिजे, म्हणून हजारोंनी सोडावे लागतात. २०१९च्या मे महिन्यात साठांचा पहिला मोठा गट गेला, आता आठ हजारांच्या वर आहेत. खालची छत्रीही वेगळी. चपटी पाटी असते, तिच्यात हजाराहून जास्त चिमुकले ॲन्टेना. प्रत्येकाला लहर थोडी मागंपुढं सोडायला लावली की पाटी न हलवता झोत वळतो आणि उपग्रहाच्या मागं मागं जातो.

काका : पाटी न हलवता! आमच्या मायक्रोवेव्हच्या डिशची दिशा बोटभर चुकली तर टॉवरवर चढून दिवस जायचा.

पुतणी : दुसरं नाव वनवेब. भारती समूहाची त्यात भागीदारी आहे. ते बाराशे किलोमीटरवर, सहाशेहून थोडे जास्त. त्यातले बहात्तर तर आपल्या इस्रोनंच श्रीहरिकोट्याहून दोन उड्डाणांत नेले, २०२२चा ऑक्टोबर आणि २०२३चा मार्च. जिओनं एसईएस कंपनीशी जोडी केलीय, त्यांचे आठ हजार किलोमीटरवर, वरच्या आणि खालच्या उपग्रहांच्या मधे. तिघांनाही परवाने मिळालेत. कुणाचेही उपग्रह असोत, भारतातल्या गिऱ्हाइकाची माहिती भारतातल्याच गेटवेवर उतरली पाहिजे, अशी परवान्याची अट आहे.

काका : म्हणजे तू खालचेच घेणार.

पुतणी : तेच सांगायचंय. माझं अजून ठरलेलं नाही.

इथं मी जरा थांबतो, कारण जाहिरातींमुळं सर्वसाधारण समज असा झाला आहे की खालचे उपग्रह नवे, वेगवान, म्हणून सगळीकडं तेच चांगले. पुतणीनं पुढं जे सांगितलं ते डोंगरात घर असलेल्या प्रत्येकानं ऐकायला हवं. वेगाचा आकडा सगळ्या देशाला एकच सांगितला जातो. घरावरचं आकाश मात्र प्रत्येकाचं निराळं असतं.

पुतणी : अंगणात उभं राहून बघा. पूर्वेला डोंगर किती वर आलाय, पश्चिमेला फणस आणि जांभूळ. खालच्या उपग्रहाची पाटी आकाशाचा एकच तुकडा बघत नाही, तिला शंभर अंशांहून रुंद मोकळं आकाश लागतं, कारण उपग्रह सगळ्या बाजूंनी येतात आणि जातात. मधे फांदी आली की तेवढे क्षण लाईन तुटते. दर थोड्या वेळानं दोन-चार सेकंद. सिनेमा बघताना कळत नाही, डॉक्टरांशी बोलताना प्रत्येक वेळी कळतं. ओली पानं तर कोरड्या पानांपेक्षा जास्त लहर खातात. आता वरच्या उपग्रहाचं बघा. जीसॅट-११ पूर्व रेखांश ७४ अंशांवर आहे, आपणही जवळपास त्याच रेखांशावर. म्हणजे तो आपल्याला सरळ दक्षिणेला दिसणार, आणि क्षितिजापासून जवळजवळ सत्तर अंश वर. अगदी डोक्याच्या थोडंच खाली. दक्षिणेचा डोंगर कितीही चढला तरी सत्तर अंश चढत नाही. झाडांच्या मधून टोपलीएवढी फट मिळाली तरी छत्रीचं भागतं.

काका : म्हणजे दाट झाडीतल्या घराला जुनाच बरा?

पुतणी : कित्येकदा. आणखी एक. स्टारलिंकच्या बऱ्याचशा कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या आहेत. असे उपग्रह पन्नास अंशांच्या आसपास, म्हणजे इंग्लंड-जर्मनीवर, जास्त दाटतात. आपण सतरा-अठरा अंशांवर, तिथं ते विरळ असतात. युरोपातल्या घरानं मोजलेला वेग कांदाटीत मिळेलच असं धरून चालायचं नाही.

काका : मी फणस तोडू देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजोबांनी लावलेला आहे.

पुतणी : तोडायचा नाहीच. खळ्यावर मोकळं आकाश आहे. शाळेच्या छपरावर तर त्याहून जास्त.

काका : शाळेच्या छपरावर. हे ध्यानात ठेव, मी पुन्हा तिथंच येणार आहे. आता पावसाचं बोल. जवळच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, इथंही काही कमी नाही. सर जोराची आली की टीव्ही जातो.

पुतणी : टीव्ही ही चांगली परीक्षाच आहे. टीव्हीची लहर केयू पट्ट्यातली, स्टारलिंकची घरापर्यंतची लहरही त्याच पट्ट्यातली. लहरीची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. थेंब मोठे आणि दाट असले की ती शोषली जाते आणि विखुरते. जीसॅट-एन२ केए पट्ट्यात आहे, त्याची लहर आणखी आखूड, पावसात आणखी मार खाते. सी पट्टा पावसाला दाद देत नाही, पण त्याची छत्री माणसाच्या उंचीपेक्षा मोठी लागते, ती घरावर कोण बसवणार? हल्लीचे मॉडेम पाऊस वाढला की लाईन सोडण्याआधी वेग कमी करतात. धुक्यानं काही होत नाही. श्रावणातल्या रिमझिमीनंही फारसं नाही. खरा त्रास वळवाच्या आणि आषाढातल्या मुसळधार सरीचा. पण सर थांबली की लाईन आपोआप परत येते. फायबर तुटलं तर माणूस येईपर्यंत तुटलेलंच.

काका : सर थांबेल. लाइट मात्र येणार नाही. जुलैत एकदा गेली की दोन-दोन दिवस येत नाही, हे तुला माहीत आहे.

पुतणी : हा मुद्दा मला सर्वांत जड जातो, खोटं कशाला सांगू? चपटी पाटी आणि राउटर मिळून साधारण ७५ वॅट धरा. चोवीस तास चालू ठेवलं तर रोज १.८ युनिट, महिन्याला चोपन्न. इन्व्हर्टरची १५० ॲम्पियर-तासांची बॅटरी कागदावर तेवढीच ऊर्जा देते, प्रत्यक्षात दोन-तृतीयांश हाती लागते. म्हणजे सोळा तास. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच चालू ठेवलं तर चार दिवस.

काका : आणि सौर पॅनेल जुलैत झोपलेलं असतं. तेव्हाच्या आमच्या फोनच्या बॅटऱ्या याच कारणानं मेल्या. विजांचंही बघ. अर्थिंग नीट खणून, कोळसा-मीठ घालून करायचं. केबल पाइपातून न्यायची, वानरं उघडी केबल ठेवत नाहीत.

पुतणी : पाइप, अर्थिंग, बॅटरी, हे सगळं खर्चात धरलंय. कंपनीच्या दरपत्रकात ते नसतं.

काका : मग कंपनीचा दर तरी काय?

पुतणी : जो लागेल तो लेखी घ्यायचा. केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर २०२५च्या जुलैत म्हणाले होते की सुरुवातीचा खर्च फार असेल आणि महिन्याला तीन हजारांच्या आसपास पडेल. स्टारलिंकला देशात वीस लाखच गिऱ्हाइकं घेता येतील आणि वेग दोनशे एमबीपीएसपर्यंत, हेही त्यांनीच सांगितलं. दूरसंचार नियामक ट्रायनं त्याच वर्षी मे महिन्यात सुचवलं की अशा सेवेवर शहरी गिऱ्हाइकामागं वर्षाला पाचशे रुपये जादा आकार लावावा, ग्रामीण गिऱ्हाइकाला नको.

काका : वीस लाख, एवढ्या मोठ्या देशात. आणि तीन हजारांत इथल्या घराचा महिन्याचा किराणा येतो. मोबाइलचा रिचार्ज तीनशे-साडेतीनशेचा, तोही लोक पुढं ढकलतात. राज्य सरकारनं २०२५च्या नोव्हेंबरात स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात नावं आली गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमची. त्यांना मिळावंच, त्यांची गरज मोठी आहे. पण साताऱ्यातल्या डोंगरात कुणी राहतं, हे मुंबईत कुणाला ठाऊकच नसतं. आपण आपापली छत्री घेऊन गप्प बसलो तर ते कधीच ठाऊक होणार नाही.

पुतणी : गिऱ्हाइकांचा आकडा लहान का, तेही समजून घ्या. झोत ज्या भागावर पडतो तिथल्या सगळ्यांत तो वाटला जातो. विहीर एकच, मोटा वाढल्या की प्रत्येकाचं पाणी कमी. मुंबई-पुण्याला उपग्रहानं इंटरनेट पुरवणं परवडणारं नाही, आणि तिथं ते मागूही नये. विरळ वस्तीसाठीच हे तंत्र जमतं. आपली वस्ती विरळ आहे, काका. देशातल्या फार थोड्या जागा या तंत्राला इतक्या नीट जुळतात.

काका : आणि ही विहीर परदेशी मालकाची. बटण त्याच्या हातात. मधे एकदा स्टारलिंक जगभर बंद पडलं होतं म्हणे.

पुतणी : २४ जुलै २०२५ला, अडीच तास, जगभर. त्यांच्या आतल्या सॉफ्टवेअरचा दोष होता. धोका खराच आहे. म्हणूनच इस्रोच्या उपग्रहावरची सेवाही मी मोजणीत धरते, नुसता वेग बघत नाही. आणि परवाना नसलेल्याकडून, चोरबाजारातून आलेली पाटी तर कुणी हातातही घेऊ नये. २०२१च्या नोव्हेंबरात दूरसंचार खात्यानं लोकांना सावध केलं होतं की स्टारलिंकला परवाना नाही, आगाऊ पैसे भरू नका. आता परवाना आहे, तरी नोंदणी अधिकृत जागीच करायची.

काका : हल्ली म्हणतात, मोबाइललाच थेट उपग्रह मिळणार. मग छत्रीची भानगडच कशाला?

पुतणी : फोनचा ॲन्टेना बोटाएवढा. त्याच्यावरून आधी मजकूर जाईल, संकटात निरोप जाईल, आणि डोंगरात हरवलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ. सगळ्या घराचं इंटरनेट त्यावर चालायचं नाही.

काका : बरं. आता माझं ऐक. टॉवर का येत नाही? टॉवर उभा करणं सोपं आहे. टॉवरला मागून फायबर नाहीतर मायक्रोवेव्हची लाईन लागते, ती इथं नाही. ती लाईन उपग्रहानं दिली तर? डोंगराच्या सोंडेवर छोटा टॉवर, त्याच्या पायाशी तुझी छत्री. खाली प्रत्येकाच्या साध्या मोबाइलला रेंज. गुरामागं गेलेल्या पोरालाही, रात्री कळा सुरू झालेल्या बाईलाही. घरात राउटर नको, पाटी नको, तीन हजार नकोत.

पुतणी : हे जगभर करतात, आपल्याकडंही करतात. तंत्र म्हणून बिनचूक आहे. पण टॉवरला परवानगी, जागा, वीज, बॅटऱ्या, माणूस. अर्ज आज केला तर किती वर्षं? तोवर काकूनं ई-केवायसीसाठी टेकावर चढत राहायचं?

या वादात मला कुणा एकाची बाजू घेता येत नाही, आणि घ्यायचीही नाही. सार्वजनिक सोयीची मागणी थंडावली की आडवाटेची वस्ती कायमची मागं राहते, हे काकांनी नोकरीभर पाहिलं आहे. पण मागणी करणाऱ्या पिढीचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं, आणि त्या काळात शिकायची राहिलेली पोरं पुन्हा लहान होत नाहीत. घरासाठी सेवा निवडताना वेग, दर आणि डेटाची मर्यादा बघायला सगळे सांगतात. ही सेवा घराला हवी की वस्तीला, हे कुणीच विचारत नाही, आणि मला तरी तोच पहिला प्रश्न वाटतो. कारण त्याच्या उत्तरावर छत्रीची जागा, बॅटरीचा आकार, करार कुणाच्या नावानं आणि बिल कुणाच्या माथ्यावर हे सगळं ठरतं.

पुतणी : ठीक आहे, शाळेच्या छपरावर. पण मग नियम पाळायचे. घरगुती प्लॅन घेऊन शेजाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, हे बहुतेक करारांत चालत नाही. केंद्राची पीएम-वाणी योजना २०२०च्या डिसेंबरात मंजूर झाली. तिच्यात गावातला दुकानदारसुद्धा वेगळा परवाना न काढता वायफाय विकू शकतो, पाच-दहा रुपयांची कुपनं देऊन. त्याच्यासाठी मागची लाईन मात्र तशी परवानगी देणाऱ्या प्लॅनची हवी. उपग्रह कंपनी ती देते का, आणि किती रुपयांत, हे मी लेखी विचारते.

काका : आणखी काय काय विचारणार?

पुतणी : महिन्याला किती जीबीनंतर वेग पडतो, आणि पडून किती राहतो. वर चढवायचा वेग वेगळा सांगा, कारण व्हिडिओवर बोलायला आणि शाळेची कागदपत्रं पाठवायला तोच लागतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळेतला वेग काय. यंत्र विकत की भाड्यानं, आणि एका पावसाळ्यानंतर परत घेणार का. मला तर करारच असा हवा की जूनला सुरू होईल. उन्हाळ्यात सगळंच छान चालतं, त्यावरून काही ठरवता येत नाही.

काका : हे बरोबर बोललीस. आम्हीही नवी लाईन पावसाळा काढल्याशिवाय पास करायचो नाही. आता माझी अट. ग्रामसभेत ठराव दोन होतील. एक, शाळेच्या छपरावर उपग्रहाची लाईन, वर्षभरासाठी, खर्च पंचायत आणि गावच्या मुंबईकरांचं मंडळ निम्मा निम्मा. दुसरा, सोंडेवर बीएसएनएलचा टॉवर आणि फायबरची मागणी, तारीख घालून, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत. पहिला ठराव एकटा पास झाला तर मी सही करणार नाही.

पुतणी : आणि दुसरा एकटा पास झाला तर मी घरावर छत्री बसवणार. फणस न तोडता, दक्षिणेच्या फटीतून.

काका : बसव. तेव्हा मी शिडी धरीन. पण बिघडलं तर येणार कोण, हे अजून तू सांगितलं नाहीस.

पुतणी : कंपनीचा माणूस साताऱ्याहून यायला किती दिवस लागतील, ते करारात लिहून घेईन. पण खरं सांगायचं तर निम्मे बिघाड केबलच्या टोकाचे नाहीतर अडॅप्टरचे असतात. शाळेतल्या मोठ्या दोन पोरींना मी मेच्या सुट्टीत शिकवते : टोक कसं बदलायचं, मॉडेमचा कुठला दिवा काय सांगतो, पाटीवरचा पाला कधी काढायचा.

काका : पोरींना मीही शिकवीन, अर्थिंग आणि बॅटरीचं पाणी. तू एक जादा अडॅप्टर आणि तीस मीटर केबल आत्ताच घेऊन ठेव. जुलैत वारं असलं की लाँच सुटत नाही.